पुढचा थांबा

या वर्षी मी रांजणात उतरलो नाही.
तोंडाशी बसलो, पाय आत सोडले,
आणि खांद्यांशी अडकलो.
रांजण तेवढाच आहे,
माझ्या आजोबांनी अंगणात गळ्यापर्यंत पुरला तेवढाच.
मीच आडवा वाढलो
आणि उंचीला आटलो.

सबा हसला. सहा वर्षांचा आहे, त्याला हसायला काहीही पुरतं.
तेकलेनं चपला काढल्या.
म्हणाली, मी उतरते.

तेकले अकरा वर्षांची.
राहते इटलीत, बारी नावाच्या शहरात,
जिथे तिची आई, म्हणजे माझी लेक,
कुणा परक्या म्हातारीला भरवते, कूस बदलून देते.
उन्हाळ्यात दोघं नातवंडं माझ्याकडे येतात,
अलाझानी नदीच्या या काठावर,
आणि तिसऱ्या दिवसापर्यंत माझी भाषा त्यांच्या तोंडात
नव्या बुटासारखी चावत राहते.

मी तिच्या हातात कुंचा दिला. चेरीच्या सालीचा, माझ्याच हातचा.
मग नियम सांगितला:
आत असेपर्यंत गात राहायचं.
तळाशी गेल्या साली द्राक्षांनी टाकलेला श्वास
अजून पडलेला असतो. गोड असतो. झोप आणतो.
म्हणून आतला गातो, वरचा ऐकतो.
गाणं थांबलं की दोर ओढायचा.
माझ्या धाकट्या काकाला असंच ओढून काढलं होतं.
उशिरा.
(हे तिला सांगितलं नाही.)

दारेजान होती तेव्हा मी आत असायचो, ती तोंडाशी.
एखादी ओळ विसरलो की वरून शिव्या घालायची,
माझ्या अख्ख्या घराण्याला.
मी कितीदा मुद्दाम विसरलो.

आजोबा, मला आपली गाणी येत नाहीत,
तेकले खालून म्हणाली. आवाज घुमला, मोठ्या बाईचा झाला.
जे येतं ते म्हण, मी म्हटलं.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणू लागली.
मी डावा कान खाली केला. उजवा आता नावापुरता.
गाणं नव्हतं. चालही नव्हती.
काय म्हणतेय रे?
शाळेच्या बसमधली बाई बोलते ते, सबा म्हणाला,
आणि एकेक सांगत गेला:
पुढचा थांबा, दवाखाना.
पुढचा थांबा, जुनं बंदर.
पुढचा थांबा, मासळीबाजार.
दारं उघडत आहेत, जपून.

मातीच्या पोटातून कुंच्याच्या तालावर
एक अख्खं शहर वर येत होतं,
मी न पाहिलेलं.

आणि मग काहीच नाही.

ती थांबली की माझा कान थांबला?
या वयात हे दोन्ही सारखंच ऐकू येतं.
दोर हातात होता. हात हातात नव्हते.
तेकले! ओरडलो,
आणि रांजणानं माझाच आवाज परत केला,
थोडा जुना करून.

शेवटचा थांबा आला, आजोबा,
ती म्हणाली.
आता बस वळवून परत आणते.

ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत लाल होती.
मी तिचे केस पुसले, जरा जोरातच,
माझे हात थरथरताना तिला दिसू नयेत म्हणून.

एक गोष्ट राहिलीच.
ती जन्मली त्या साली मी एक रांजण भरून मुखावर माती लिंपली होती,
तिच्या लग्नात फोडायचा म्हणून.
मागच्या हिवाळ्यात शेजारचा अंबाको गेला.
बर्फानं रस्ता बंद, कबर खणणारे चौघे कुडकुडत उभे,
घरात थेंब नाही.
फोडला.
चांगली निघाली होती वाइन. आजवरची सगळ्यात चांगली.
लेकीला अजून कळवलेलं नाही.
तोच रांजण आज तेकलेनं घासला.

उद्या दुसरा आहे, त्याहून खोल.
तिला निदान एका गाण्याची पहिली ओळ शिकवायला हवी.
किंवा मीच थांबे पाठ करावेत.
रात्री अंथरुणात म्हणून पाहिले:
दवाखाना. जुनं बंदर. मासळीबाजार.
त्याच्या पुढचा कुठला, ते सबाला विचारलं.
तो कधीच झोपला होता.